कर्नलचा ड्रायव्हर

आत्या मारुंजीला आमच्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीतली माणसं लिफ्टमध्ये माझ्यासाठी सरकून जागा करू लागली. मला वाटलं, पोट जरा सुटलंय, म्हणून असेल. मग एकानं कानाशी येऊन विचारलं, "साहेब, मिलिटरी कँटीनचं कार्ड आहे ना तुमच्याकडे? थर्टी फर्स्टचं बघा जरा आमचं. आत्याबाई सांगत होत्या, तुम्ही कर्नलच्या ड्रायव्हरचं काम बघता म्हणून. देहूरोडलाच का?"

मी बघतो तो कर्नल लिनक्सचा. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल आणि यंत्राच्या एकेका भागाशी त्याची बोलणी करून देणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. हे मी आत्याला दोनदा समजावलं होतं आणि तिला ते कळलंही होतं. पण ती ३८ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. समोरच्याचं लक्ष कशानं टिकतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. "प्रोसेसर म्हटलं की बायका भाजी निवडायला उठतात," ती म्हणाली, "कर्नल म्हटलं की बसून राहतात."

तर हा ड्रायव्हर. त्याच्या फाइलचं नाव इंटेल एचएफआय. लांबवून सांगायचं तर हार्डवेअर फीडबॅक इंटरफेस, म्हणजे प्रोसेसरनं कर्नलला फीडबॅक द्यायचा आणि कर्नलनं तो घ्यायचा, याची रीत. इंटेलच्या रिकार्डो नेरी यांनी तो लिहिला आणि २०२२ च्या मे महिन्यात लिनक्सच्या ५.१८ आवृत्तीतून तो जगभर गेला. आकारानं लहान आहे. एका बैठकीत वाचून होतो. मी तो वाचला मार्चमध्ये. मार्चमध्ये आमच्याकडे अप्रेझल असतं. त्या दिवसांत माणूस फीडबॅक हा शब्द दिसेल तिथे दचकून थांबतो.

आमची सोसायटी मारुंजीत. म्हणजे पत्त्यावर मारुंजी, बिल्डरच्या जाहिरातीत हिंजवडी आणि कागदपत्रांत तालुका मुळशी. एका गॅलरीतून ऊस दिसतो आणि दुसऱ्या गॅलरीतून समोरच्याची गॅलरी. ग्रामपंचायतीत राहायचं की पिंपरी-चिंचवड महापालिकेत जायचं, यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जेवढं लिहून झालंय, तेवढ्यात एक महापालिका चालली असती. हा ग्रुप म्हणजे आमचा फीडबॅक इंटरफेस. सकाळी ६:४० ला पहिला संदेश, "टँकर आला नाही." ६:४१ ला दुसरा, "टँकर आला नाही का?" ६:४२ पासून अंगठे, हात जोडलेले, नाकातून वाफ निघणारे चेहरे आणि मध्येच एकाची शुभ सकाळ, गुलाबासकट. ७ वाजता टँकर येतो. "टँकर आला नाही" हा संदेश ९ वाजेपर्यंत येत राहतो, कारण लोक उठतात आपापल्या वेळेला आणि वाचायला सुरुवात करतात वरून.

एका रात्री मांडीवर लॅपटॉप घेऊन मी तो ड्रायव्हर वाचत होतो. आत्या शेजारी दुधाच्या कॅलेंडरवर खाडे मांडत होती.

"फीडबॅक कशाला लागतो रे यंत्राला?" तिनं विचारलं.

आता हे मुळशी-मावळात वाढलेल्या बाईला सांगणं सोपं होतं. पूर्वी प्रोसेसरच्या आतले सगळे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम ओढणारे, एकसारखे असायचे, एका आईचे खोंड. मग २०२१ च्या अखेरीला इंटेलनं १२ वी पिढी आणली आणि एकाच चिपमध्ये दोन जातींचे कोअर घातले. काही शर्यतीचे बैल, काही नांगराचे. घाटात सुटला की डोळा लवायच्या आत वर, पण खुराक विचारू नका, असा एक. सावकाश चालणारा, वैरणीवर भागवणारा आणि दिवसभर न कुरकुरणारा दुसरा. माझ्या लॅपटॉपमध्ये असे १२ आहेत, ४ शर्यतीचे आणि ८ नांगराचे. शर्यतीचा प्रत्येक जण एका वेळी दोन कामं ओढतो, म्हणून कर्नल मोजताना १६ मोजतो. (खऱ्या शर्यतींना २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिली, हे आत्यानं मध्येच सांगितलं. तारीखही सांगितली, १८.)

"मग शर्यतीच्याला शर्यत द्यायची, नांगराच्याला नांगर. त्यात विचारायचं काय?"

विचारायचं हे, की बैल रोज सारखा नसतो. लॅपटॉप तापला, बॅटरीवर आला, वीज कमी घ्यायची म्हणून ठरलं, की कोणाचा दम किती उरला, हे बदलतं. ते कर्नलला बाहेरून कळत नाही, आत बसलेल्या हार्डवेअरला कळतं. म्हणून कर्नल मेमरीचं एखादं पान बाजूला काढतो आणि हार्डवेअरला सांगतो, हा तुझा फळा, हा त्याचा पत्ता. हार्डवेअर त्यावर एकेकाच्या नावापुढे दोन आकडे लिहितं. काम किती उरकेल, हा एक. किती काटकसरीत उरकेल, हा दुसरा. ० ते २५५. जास्त म्हणजे चांगला.

"२५५ काय? मार्क?"

एकक नाही. मुळातच ठेवलेलं नाही आणि तसं कर्नलच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहून ठेवलंय. हे वाचून मला त्या लिहिणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले. गेल्या वर्षी मला अप्रेझलमध्ये ३ मिळाले, ५ पैकी. ३ काय, हे मी तेव्हा विचारलं होतं. समोरून "मीट्स एक्स्पेक्टेशन्स" असं उत्तर आलं आणि त्यानंतरची ४० मिनिटं ते ३ म्हणजे खरं तर चांगलेच कसे आहेत, हे मला सांगण्यात गेली. फळ्यावर दोन आकडे आणि विषय संपला, हे किती सुटसुटीत. शिवाय उरक आणि काटकसर यांचे रकाने वेगळे. एकाची भरपाई दुसऱ्यात नाही. आमच्याकडे "काम उत्तम, पण स्लाइड्सवर मेहनत घ्यावी" असं एकाच वाक्यात कालवतात.

"आणि दोन्हीकडे शून्य आलं तर?"

तर त्याला काम देऊ नका, अशी हार्डवेअरची शिफारस. हाकलत नाही, अपमान नाही, ग्रुपवर चर्चा नाही. तूर्त याच्या खांद्यावर जू ठेवू नका, एवढंच. उद्या आकडा वाढला की पुन्हा जुंपा. आमच्या कंपनीत दोन्हीकडे शून्य आलेल्याला दुसऱ्या टीमचं मार्गदर्शन करायला पाठवतात.

फळ्याबद्दल एक गंमत मला फार आवडली. इंटेलच्या जाडजूड पुस्तकात बारीक सूचना आहे, की काही चिपांमध्ये दोन-तीन जणांना मिळून एकच ओळ असू शकते आणि फळ्यावर काही ओळी रिकाम्याही असू शकतात. आत्या म्हणाली, "तुमच्या सोसायटीसारखं." खरंच होतं. आमच्याकडे तीन बॅचलर मिळून एक फ्लॅट आहे आणि त्याच मजल्यावर गुंतवणूक म्हणून घेतलेले दोन असे, की ज्यांच्या दारावरची प्लॅस्टिकची पिशवी अजून फाडलेली नाही. मेंटेनन्सच्या यादीत मात्र सगळे.

यापुढचं खरं कसब. फळ्यावर नवं लिहिलं गेलं, हे कर्नलला कळणार कसं? हार्डवेअर घंटा वाजवतं. तिला आमच्यात इंटरप्ट म्हणतात. आणि ती घंटा बहुतेक यंत्रांत त्या चिपमधल्या सगळ्याच कोअरच्या घरी एकदम वाजते. १६ घरं, १६ घंटा, बातमी एकच. टँकरसारखी.

आता इथे आमची सोसायटी असती तर काय झालं असतं, हे बघायला लांब जायला नको. संध्याकाळी ६ ला लक्ष्मी चौकात उभं राहावं. चारी बाजूंनी हॉर्न, म्हणजे घंटा सगळ्यांनाच. मग चार गाड्यांतून चार जबाबदार नागरिक उतरतात आणि चौघेही एकाच वेळी वाहतूक सोडवू लागतात. पहिला ज्याला "या या" करतो, त्याला दुसरा तळहात दाखवतो. तिसरा रिक्षावाल्याला मागे घेतो, नेमका चौथ्याच्या स्वतःच्या गाडीवर. चौथ्याची गाडी रस्त्याच्या मधोमध, कारण तो वाहतूक सोडवायला उतरलाय.

ड्रायव्हरमध्ये असं होत नाही. तिथे दाराशी एक कुलूप आहे. घंटा ऐकून सगळे धावतात, कुलपाला हात घालतात आणि ज्याच्या हाताला ते लागतं, तो आत. बाकीचे काय करतात? थांबत नाहीत, डोकावत नाहीत, "काही मदत?" विचारत नाहीत. एक जण बघतोय ना, मग झालं, म्हणून जिथून उठले, तिथे जाऊन आपलं काम धरतात. हा कोड मी तीनदा वाचला. "काही मदत?" न विचारता परत जाणारी माणसं मी मारुंजीत अजून पाहिलेली नाहीत. कर्वेनगरात होती.

बरं, एखादा उशिरा पोहोचला, तेव्हा आतल्याचं उरकून कुलूप मोकळं झालं होतं आणि म्हणून हाही आत शिरला तर? तर तो आधी फळ्यावरच्या कोपऱ्यातली वेळ बघतो. प्रत्येक नव्या मजकुराबरोबर हार्डवेअर वेळेची खूण टाकतं. आपल्याकडे असलेली खूण आणि ही एकच असेल, तर बातमी जुनी. वाचलेली. गुपचूप बाहेर. एवढीच एक तपासणी आमच्या ग्रुपवर बसवली असती तर ९ वाजता येणारा "टँकर आला नाही" बंद झाला असता आणि नासानं दिवाळीला काढलेला म्हणून फिरणारा भारताचा तो फोटोही.

मग आत गेलेला फळा उतरवून घेतो. घाईघाईनं, आपल्या वहीत, सगळाच्या सगळा. आणि एका रजिस्टरमधला एक बिट पुसून हार्डवेअरला कळवतो, की वाचलं बाबा, आता हवं तर नवं लिही.

"आणि नाही पुसलं तर?" आत्यानं खाड्यांवरची मान वर केली.

नाही पुसलं तर हार्डवेअर लिहीत नाही. आधीचं वाचल्याची पोच मिळेपर्यंत नवा शब्द नाही.

आत्यानं पेन खाली ठेवलं. तिला इतकं भारावलेलं मी फक्त एकदाच पाहिलं होतं, पेन्शनचा फरक जमा झाला तेव्हा.

"आमच्या शेरेबुकाला हा नियम हवा होता रे," ती म्हणाली. शेरेबुक म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब ज्यात शेरे मारतात, ती वही. तिच्या सांगण्याप्रमाणे एका शाळेत लागोपाठ सहा साहेबांनी "मुतारीस दार नाही" हाच शेरा मारला होता. पहिल्या शेऱ्याखाली पूर्तता झाली का, हे न बघता दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. सातवे साहेब आले, त्यांनी पाच पानं मागे जाऊन वाचलं आणि लिहिलं, "मागील शेरे कायम." मुतारीला दार बसलं ते गावातल्या एकाच्या जुन्या वाड्याचं. पितळी कड्यांचं होतं म्हणे, आणि उंबऱ्यासकट.

"मग हे उतरवलेलं तुझा कर्नल वापरतो ना?"

इथे मी जरा चाचरलो. कारण या ड्रायव्हरनं ती माहिती कामं वाटणाऱ्या शेड्युलरच्या हातात दिलीच नाही. ती कर्नलच्या बाहेर, युजरस्पेसमध्ये, तापमान आणि वीज बघणारे जे छोटे कार्यक्रम बसलेले असतात, त्यांना कळवली. आता काय करायचं, ते त्यांनी ठरवावं.

"म्हणजे वर्गात गोंधळ, आणि शेरा पौडला पंचायत समितीत."

मी म्हटलं, अगदी तसं नाही. ती म्हणाली, अगदी तसंच आहे. मी विषय पुढे नेला.

पुढचा विषय उसंतीचा. हार्डवेअरचा स्वभाव चपळ. एकदा लिहायला लागलं की भराभर लिहू शकतं, आणि प्रत्येक बदल बाहेर ओरडून सांगितला तर ऐकणाऱ्याचं डोकं उठेल. शिवाय सारखं उठवल्यानं वीज खर्च होते ती वेगळी, म्हणजे वीज वाचवण्याच्या सूचनांनीच वीज जायची. म्हणून ड्रायव्हर घेतो लगेच, पण सांगतो जरा थांबून. सुरुवातीला तो १ सेकंद थांबायचा. मग त्या एका सेकंदात फारच शिळं होतं, असं दिसल्यावर पुढे ते १०० मिलिसेकंदांवर आणलं. माझी बायको दुपारी ३ ला ठरवते की याला बोलायचं आणि बोलते रात्री भांडी झाल्यावर. तोवर मधले पाच मुद्दे आपोआप बाद झालेले असतात, उरतो तो एक मात्र पक्का असतो. तिला हे शिकवायला कुठला ड्रायव्हर लागला नाही.

२०२४ मध्ये या ड्रायव्हरमध्ये एक सुधारणा झाली. बाहेर कुणी ऐकणारं बसलेलं असेल तरच फीडबॅक चालू करायचा. ऐकणारं कुणीच नसेल तर हार्डवेअरला सांगायचं, बाबा रे, लिहू नकोस, उगाच घंटा वाजवू नकोस, सगळ्यांना झोपू दे. वाचून मी बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो. आमच्या क्लब हाउसच्या भिंतीवर सूचनापेटी आहे. ती गेल्या गणपतीत उघडली, कारण देणगीची पावतीपुस्तकं ठेवायला जागा हवी होती. आत पालीची तीन अंडी, पोळीभाजी केंद्राचं एक पत्रक आणि माझीच एक सूचना निघाली, "सूचनापेटी नियमित उघडावी."

सगळ्यात भारी प्रकरण मात्र झोपेचं आहे. लॅपटॉप गाढ झोपवला, म्हणजे हायबरनेट केला, की मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून वीज बंद होते. पुन्हा बटण दाबलं की आधी एक तात्पुरता कर्नल उठतो. त्याचं काम एवढंच, की डिस्कवरून जुन्या साहेबांना उचलून खुर्चीत बसवायचं आणि आपण निघून जायचं. पण तो कितीही तात्पुरता असला तरी कर्नलच. उठल्या उठल्या रिवाजाप्रमाणे त्यानं स्वतःचा फळा मांडला आणि हार्डवेअरला नवा पत्ता दिला. मग जुने साहेब जागे झाले, तात्पुरता गेला. साहेबांना वाटतंय, आपला फळा आपल्या जागी आहे. हार्डवेअर लिहितंय तात्पुरत्याच्या पत्त्यावर. आणि तिथे आता फळा नाहीच, दुसऱ्याच कुणाचा तरी संसार असू शकतो. कुणाच्या तरी हिशोबात, कुणाच्या तरी चिठ्ठीत मधूनच दोन आकडे उमटायचे. कुणी लिहिले, कळायला मार्ग नाही.

"चार्ज देता-घेताना यादी करत नाहीत का ही लोकं?" आत्या उसळलीच. तिनं मुख्याध्यापकपदाचा चार्ज दिला होता तेव्हा २ घंटा, ११ खडूपेट्या आणि एक मोडका पृथ्वीगोल सहीनिशी दिला होता.

आता करतात, मी म्हटलं. २०२४ च्या सुरुवातीला दुरुस्ती आली. जाणाऱ्यानं फळा बंद करून जायचं आणि जागं होणाऱ्यानं आपला पत्ता नव्यानं सांगून चालू करायचा.

मला ही चूक फार जवळची वाटली. आम्ही याच सोसायटीत आधी बी विंगमध्ये भाड्यानं राहायचो, मग ए विंगमध्ये स्वतःचा घेतला. रंगाऱ्याला मी भाड्याच्या दिवसांतच सांगून ठेवलं होतं, की बाबा, रंग काढायचाय, पावसाळा संपला की ये. पत्ता तेव्हाचा होता तोच दिला. पावसाळा संपला, मी ए विंगमध्ये भिंतीला टेकून त्याची वाट बघत राहिलो आणि तो प्रामाणिक माणूस बी विंगमध्ये जाऊन, वॉचमनकडून किल्ली घेऊन, एका अनोळखी कुटुंबाचा हॉल पिस्ता रंगाचा करून मोकळा झाला. एक भिंत मोहरीची, माझ्या सांगण्याप्रमाणे. ते लोक लग्नाला नागपूरला गेले होते. परत आले ते सरळ बाहेर जाऊन दारावरचा नंबर वाचून पुन्हा आत गेले, असं वॉचमन सांगतो. पैसे मी दिले. त्यांनी रंग ठेवून घेतला. मोहरीची भिंत त्यांच्या सूनबाईंना आवडली.

अप्रेझल पार पडलं. पुन्हा ३. या वेळी मी काहीच विचारलं नाही, पोच दिली आणि बाहेर आलो.

घरी आलो तर फ्रिजवर एक पाटी लटकलेली. खरीखुरी, दगडी, लाकडी चौकटीची. आत्यानं आणली कुठून, कोण जाणे. घरातल्या चौघांची नावं, प्रत्येकापुढे दोन रकाने, उरक आणि काटकसर. बायकोला २४० आणि १९०. मुलीला ९० आणि १२, कारण ती गीझर चालू ठेवून झोपते. स्वतःला आत्यानं २०० आणि २५५ दिले होते. २५५ च्या वर जाता येत नाही, हे तिनं मला पुन्हा एकदा विचारून घेतलं. माझ्या नावापुढे दोन्हीकडे शून्य होतं. सकाळी मी दूध ओट्यावर तापत ठेवून ड्रायव्हर वाचत बसलो होतो.

"म्हणजे आज स्वयंपाकघरात मला काम नाही?"

"शिफारस आहे," ती म्हणाली.

मी आनंदानं सोफ्यावर बसलो. तासाभरानं पाणी प्यायला उठलो, तेव्हा आत्या पाटीसमोर पेन्सिल घेऊन उभी होती, नुसतीच. लिहीत नव्हती, हलतही नव्हती. माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पुढे झालो आणि माझ्या ओळीपुढे वाचल्याची खूण केली. तिनं लगेच बोटाला थुंकी लावून माझं एक शून्य पुसलं आणि तिथे ४० लिहिले.

"लसूण सोल," ती म्हणाली.